गाडीचं अभ्यंग

बाबांच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता लागत नसे. सरळ रस्त्यावरही ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटायची आणि बाबा तिला सारखे ओढून आणायचे. आम्हाला वाटायचं, त्यांची चालवायची पद्धतच ती. मग एकदा शहाडच्या पुलावर ती थेट शेजारच्या रिक्षाकडे सरकली. नेमका माझा भाऊ मागे बसलेला. घरी येताच त्याने जाहीर केलं, "रविवारी गाडी भंगारात. मी माणूस बोलावतोय."

निवृत्तीनंतर सकाळी गाडी पुसायची आणि आईला घेऊन भाजीला जायचं, हाच बाबांचा दिवस होता. शनिवारी आईचा फोन आला. "तू ये बाई. हे खाली गाडीत जाऊन बसलेत."

माझं ठाण्यात शिवणकामाचं छोटं युनिट आहे. तिथल्या मशिनी मीच दुरुस्त करते. मशिन ढिली पडली की बाया हाताला लागेल तो स्क्रू आवळतात. म्हणून माझा नियम एकच: आधी ढिलं कुठे आहे ते शोधायचं, मग पाना उचलायचा. तासाभरात डोंबिवलीला आई-बाबांकडे पोचले. घोडबंदर रोडवरून भाऊही आला.

"स्टिअरिंगचा गिअरबॉक्स गेलाय," तो म्हणाला. "पार्ट मिळणार नाही."

"बघितलास?"

"त्यात बघायचंय काय?"

मी टायरची हवा बघितली. ठीक होती. पुढची चाकं जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवली. घट्ट. मग गाडी पुन्हा जमिनीवर टेकवली आणि आईला स्टिअरिंगवर बसवलं. त्या सीटवर ती आयुष्यात पहिल्यांदाच बसत होती.

"मला काय येतंय त्यातलं?"

"चालवायची नाहीये. इंजिन बंदच आहे. चाळणीने पीठ चाळतेस ना, तसं थोडं इकडे, थोडं तिकडे."

पुठ्ठा अंथरून मी टॉर्च घेऊन पुढून खाली शिरले. वरून बाबा आईला सूचना देऊ लागले.

"अगं, हळू. झटके नको देऊस."

"इतकी वर्षं तुम्ही हलवलंत, मी काही बोलले? बाजूला व्हा."

गिअरबॉक्समधून निघणारा दांडा आईच्या हाताबरोबर लगेच हलत होता. म्हणजे तो ठणठणीत. दांड्याचं दुसरं टोक डाव्या बाजूला एका छोट्या लोखंडी हाताला जोडलेलं असतं. तो हात नुसता फिरायला हवा, पण हा आधी वर-खाली डुलायचा आणि मग फिरायचा. ढिलाई इथे होती. त्याच्या सांध्यातल्या रबरी कड्याला, म्हणजे बुशला, बोट लावलं तर काळा लगदा हाती आला. वास घेतला. तिळाचं तेल.

"बाबा, इथे तेल कोण घालतं?"

"मी. दिवाळीला पहाटे आपलं अभ्यंग झालं की तिचं."

"कुठे कुठे?"

"जिथे जिथे काही हलतं तिथे सगळीकडे. एकही वर्ष चुकवलेलं नाही." बाबांना त्याचा अभिमान होता.

मी बाहेर आले आणि त्यांना सांगितलं की लोखंडाला तेल मानवतं, रबर मात्र तेलाने फुगतं आणि कुजतं. बाबांचा चेहरा उतरला. आई सीटवरून उतरायला तयार नव्हती. तिथूनच म्हणाली, "गाडीच्या सांध्यांना दरवर्षी तेल. माझ्या गुडघ्यांना कधी लावलंत?"

भाऊ हसला, तेव्हाच मला कळलं की अर्धं काम झालं.

रविवारी सकाळी ठाकुर्लीच्या एका गॅरेजात नवे बुश बसवले आणि चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. मग मी मुद्दाम भावालाच चालवायला बसवलं. शहाडचा पूल त्याने एकदा ओलांडला, पुढून वळला आणि पुन्हा ओलांडला. गाडी रेषेत गेली. परतल्यावर त्याने भंगारवाल्याला फोन लावला. "नको येऊस. विकायची नाहीये."

या दिवाळीला पहाटे बाबा वाटी घेऊन खाली निघाले, तशी मीही गेले. दारांच्या बिजागऱ्या दाखवल्या. "तेल फक्त इथे."

"आणि खाली?"

"खाली वाकायचंच नाही."

दारं चार, वाटी मोठी. बरंच तेल उरलं. ते घेऊन बाबा वर आले आणि वाटी हातात धरून आईसमोर उभे राहिले. आईने पाय लांब केले.

"आधी उजवा," ती म्हणाली.