चाकाखालचं लिंबू

शेजारच्या नानांनी दसऱ्याला आपली जुनी गाडी धुतली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मग किल्ली फिरवली. गाडी नुसती खोकली आणि गप्प झाली.

मी विचारलं, "नाना, ऑइल कधी बदललं होतं?"

"बदलायला ती चालली कुठे?"

हा हिशेब ऐकला की माझं डोकं फिरतं. उभ्या गाडीचं काही बिघडत नाही, हे यांना कुणी सांगितलं? ऑइल पडून पडून खराब होतं, ब्रेकचं तेल पाणी धरतं, रबराला तडे जातात. किलोमीटर थांबतात, पण महिने थोडेच थांबतात? वापरलं नाही म्हणजे जपलं, अशी आपली सोयीची समजूत. माणसांचंही तेच करतो आपण. म्हाताऱ्यांना दगदग नको म्हणून खुर्चीत बसवून ठेवतो, त्यांच्याशी धड बोलतही नाही, आणि सणाला तेवढं वाकून पाया पडतो.

नाना माळ सारखी करत म्हणाले, "एवढी जपली, तरी ऐन सणाला दगा दिला बघ."

चाकाखालचं लिंबू अख्खंच होतं.