ढगांच्या सावल्यांची तळी

दुबईतली बांधकामं थांबली आणि वर्षभरात आमच्या घराचे दोन तुकडे झाले. नवऱ्याची नोकरी गेली, तो मुलाला घेऊन पुण्याला परतला. माझी टिकली, म्हणून मी शारजात, अल मजाजच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिले. हातातलं काम संपलं की मीही जाणार, असं ठरलं होतं.

काम मात्र अजब होतं. आधी मी व्हिलांच्या वसाहतींचे नकाशे काढायचे. ते बंद पडल्यावर ऑफिसने कुठून तरी दुसरंच काम मिळवलं. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातल्या नद्या आणि तळी, उपग्रहाच्या फोटोंवरून कॉम्प्युटरवर गिरवायची. तिथे ना झाड, ना रस्ता, ना माणूस. नुसतं पाणी. बाहेर अंग भाजणारं ऊन आणि मी एसीत शाल पांघरून बर्फाळ तळ्यांच्या कडा काढतेय, याचं सुरुवातीला हसूच यायचं.

पहिल्याच नकाशात आम्ही तोंडघशी पडलो. तपासणाऱ्यांनी कळवलं, यातली बरीचशी तळी नाहीतच, ढगांच्या सावल्या आहेत! आम्ही इतकी वर्षं इथलेच फोटो बघितलेले. त्यात ढग दिसणार कुठे? अख्ख्या टीमने सावल्यांना नेटक्या निळ्या कडा देऊन ठेवल्या होत्या. ऑफिसात सगळे पोट धरून हसलो. घरी आले, दार उघडलं, आणि हा किस्सा ऐकायला घरात कोणी नाही हे एकदम अंगावर आलं. आधी राग आला, मग रडू.

शुक्रवारी फोनवर मुलाला सांगितला तेव्हा तो खिदळत सुटला. ते हसणं मला आठवडाभर पुरलं.

काम संपत आलं, मी बॅगाही काढून ठेवल्या, तेव्हा मॅनेजर हसत हसत आला. "मॅडम, प्रोजेक्ट एक्स्टेंड हो गया! नया एरिया मिला है. टेन्शन खलास!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नवऱ्याला अजून नोकरी मिळाली नव्हती, नाही म्हणायची सोयच नव्हती.

मुलाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. "अरे, अजून खूप तळी निघाली आहेत. मला यायला उशीर होईल."

तो म्हणाला, "आई, जस्ट लीव्ह सम आऊट. नोबडी लिव्हज देअर. हू विल चेक?"

"असं नाही करता येत, राजा."

"ओके," म्हणाला, आणि फोन बाबाकडे दिला.