राहीबाई आणि डोक्याचं मशीन

मिरजगावच्या राहीबाईला कशाचीच भीती वाटत नाही, असं गाव म्हणायचं. गावाला काय जातंय म्हणायला! नवऱ्याच्या पायाचं बोट काळं पडल्यापासून ती रात्री-अपरात्री उठून त्याचा पाय चाचपायची. नवऱ्याचं नाव श्रीमंत, हायवेला पंक्चरचं दुकान, आणि तोंडात विडीवर विडी. "तंबाखू सुटली नाही तर पाय गुडघ्यातून काढावा लागेल," नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

अठ्ठ्याण्णव साली त्याच डॉक्टरांनी एक नवं मशीन आणलं. डोक्याला तारेची गुंडाळी टेकवायची, ती बाहेरूनच चुंबकाचे ठोके देते आणि तलफ कमी होते म्हणे. अजून प्रयोगच आहे, हेही त्यांनी साफ सांगितलं. राहीबाईला वेड्यांना देतात तो शॉक आठवला. आत टकटक सुरू झाली की ती दाराबाहेर पदर चावत बसायची, आणि श्रीमंत बाहेर आला की आधी त्याला त्याचं नाव विचारायची.

"आगं, तुजंबी सांगू का?" तो वैतागायचा.

आणि विडी सुटली की! पण माणूस चिडचिडा झाला, सैरभैर झाला. तिला बघवेना. मग ती स्वतःसाठी भाजलेली मिसरी त्याच्याही तळहातावर ठेवू लागली. आधी सकाळी, मग दुपारी, मग केव्हाही. मिसरी म्हणजे जाळलेली तंबाखूच, पण आमच्याकडे तिला दात घासायची पूड म्हणतात, व्यसन कोणी म्हणत नाही.

शेजारचं बोटही निळं पडलं, तेव्हा ती डॉक्टरांवर तुटून पडली. "तुमच्या मशिनीनं पाय खाल्ला माज्या मानसाचा!"

डॉक्टरांनी श्रीमंतला तोंड उघडायला लावलं. "दात कशाने काळे झाले?"

"मिसरीनं. मी सोता भाजून देते," ती ठसक्यात म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "बाई, पायाला विडी काय आणि मिसरी काय, सारखीच."

राहीबाईने कनवटीची मिसरीची पुडी काढून डॉक्टरांच्या टेबलावर टाकली. आपल्याच हातानं, रोज, मायेनं!

"पाय वाचंल का?"

"आजपासून पूर्ण बंद केली तर कदाचित. शब्द देत नाही."

श्रीमंतने तिलाच पाणी आणून दिलं, आणि तेच तिला जास्त लागलं. ती लहानपणापासून मिसरी लावत आलेली. तिची सुटल्याशिवाय घरातला मिसरीचा तवा थांबणार नव्हता.

"मलाबी बसवा त्या खुर्चीत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी आढेवेढे घेतले, तपासलं, आणि अखेर हो म्हटलं. "गळ्यातलं, कानातलं काढून ठेवा. धातू चालत नाही."

लग्नापासून तिने मंगळसूत्र उतरवलं नव्हतं. तिने ते काढलं आणि श्रीमंतच्या मुठीत कोंबलं.

"घट धरा," ती म्हणाली, "आन् मी उठंस्तवर हितनं हालू नगा."