पंधराचा फ्यूज

माझ्याबद्दलचं सगळं बरंवाईट बायकोला ठाऊक आहे — एवढं एक सोडून. तिला कधी सांगितलं नाही आणि तुम्हाला सांगायला बसलोय. का? ते मलाही नीट कळत नाही.

नव्वदच्या दशकात मी तासगाव–विटा रस्त्यावर वडापची जीप चालवायचो. वडाप म्हणजे भाड्याची खासगी गाडी, नऊ जणांच्या जागेत सोळा जण. थंडीत पहाटे द्राक्षबागांवर असं धुकं उतरायचं की पुढची बैलगाडी अगदी जवळ आल्याशिवाय दिसायची नाही. म्हणून बंपरवर दोन जादा हॅलोजन दिवे लावून घेतले. खरं सांगू? धुकं निमित्ताला. आपली गाडी चारचौघांत उठून दिसावी, ही हौस होती.

दिवे बसवले आप्पा मिस्त्रींनी. स्टँडमागे त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. हॉर्न दाबला की दिवे मंद होतायत, ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतोय — असली कोडी घेऊन लोक त्यांच्याकडेच यायचे. त्यांनी माझ्या दिव्यांना वेगळी वायर ओढली, मध्ये काचेचा फ्यूज घातला आणि बजावलं, "फ्यूज उडाला तर दिवं बंद ठेव आन् तसाच माझ्याकडं ये. तार गुंडाळू नगंस, गड्या, तार उडत न्हाई, वायर जळती."

फ्यूज उडाला. मी तार गुंडाळली.

तेव्हा सगळेच ड्रायव्हर असं करायचे, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल? स्टँडवर माझा नंबर लागला होता, गाडी भरली होती. आप्पांकडे गेलो असतो तर दोष शोधण्यात अर्धा दिवस गेला असता. फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवली, दिवे लख्ख लागले, मी खूश.

तिसऱ्या दिवशी पहाटे बॉनेटमधून धूर निघाला, मग जाळ. माणसं उड्या टाकून उतरली. शेजारी बसलेल्या शेवंताकाकू बेदाण्याच्या शेडवर कामाला जायच्या. त्यांचा उजवा तळवा पोळला. मी आधी काय केलं? काकूंना धरलं? नाही. माती टाकून जाळ विझवला आणि तसाच बॉनेटखाली हात घालून ती तार उपटून खिशात टाकली. बोटं भाजली माझी. लोक म्हणाले, बिचारा गाडी वाचवायला गेला.

पंचनाम्यात मी एवढंच सांगितलं, की वायरिंग आप्पांचं.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतःच आले. जळकी जीप दारात उभी होती. सकाळपासून ऊन कलेपर्यंत ते एकेक वायर हातात धरून आपली चूक शोधत राहिले. मी उंबऱ्यावर बसून बघत होतो — आणि तार माझ्या खिशात. एकदा त्यांनी हात पुसायला फडकं मागितलं, तर मी खिशात हात घालायलासुद्धा घाबरलो.

फ्यूजची जागा तर वितळून गेली होती, पण शेवटी वायर कुठे जळाली ते त्यांना सापडलं. "हितं पत्र्याला घासलीया," ते म्हणाले. "पर मग फ्यूज का उडाला न्हाई रं?"

"मला काय कळतंय, आप्पा? तुमीच घातलेला की."

ते चहा न घेता गेले.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. मी अजून तिथवर आलोच नाही.

आठेक दिवसांनी, भर दुपारी, ते स्टँडवर आले. हातात पत्र्याची छोटी डबी, आत चार फ्यूज. फ्यूज किती अँपिअरला उडतो, तो बारीक आकडा त्याच्या टोपणावर कोरलेला असतो. एक त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"ह्याच डबीतला घातला हुता. मला तर पंधराच दिसतंय. पर आता माझा माझ्यावरच भरवसा न्हाई. तू वाच."

मी वाचलं. स्वच्छ पंधरा. पण पंधरा म्हटलं, तर तो का उडाला नाही हा प्रश्न पुन्हा उभा राहणार — आणि मग तो माझ्यापाशीच येऊन थांबणार. लायसन जाईल, पोलीस दारात येतील.

"पस्तीस हाय, आप्पा."

"पस्तीस?" त्यांनी पुन्हा एकदा आकडा बघितला. "म्हंजी त्यो उडायच्या आधी वायरच जळायची. डोळं गेलं माझं. त्या बाईचा हात माझ्यापायी पोळला." डबी माझ्या हातात दिली. "ठिव तुझ्याकडं. माझ्या हातनं पुन्यांदा कुणाच्या गाडीत जायला नगो."

दुकान परत उघडलं नाही. ते शेवंताकाकूंच्या घरी जाऊन त्यांच्या पाया पडले, असं नंतर कळलं. पुढे रस्ता ओलांडतानासुद्धा ते कुणाचा तरी हात धरायचे. एकदा माझा धरला. नजर चांगली असलेला माणूस — आणि मी त्यांना म्हणालो, सावकाश, आप्पा, पुढं खड्डा हाय. त्यांच्या हाताला माझा घाम लागला असेल. ते गेले, त्याला बरीच वर्षं झाली. तोवर रोज वाटायचं, आज कुणीतरी त्यांना सांगेल, की तुमचे डोळे ठीक आहेत.

डबी माझ्या कपाटात आहे. आज ती उन्हात नेली, चष्मा लावला आणि चारही फ्यूज एकेक करून वाचले.

पंधरा. चारहींवर पंधरा.