आप्पांनी खाल्लेला रंग

आप्पा गिऱ्हाइकाचं मनगट धरायचे. या-बसा काही नाही, थेट मनगट. मग त्याला शेडमधून ओढत भर उन्हात रस्त्यावर उभं करायचे आणि म्हणायचे, "आता सांग भो, कोनता रंग. ट्यूबलाइटमा सगळेच हिरो दिसतस."

अंबडच्या एमआयडीसीत आमचं टायरचं दुकान आणि आप्पांचं पावडर कोटिंग, मधे एकच पत्रा. पावडर कोटिंग म्हणजे धातूवर रंगाची पूड उडवायची आणि भट्टीत भाजायची. "नानकटाई शे, फक्त दात लावू नको," असं आप्पा समजावायचे. मूळचे देवळ्याचे, त्यामुळे रागावले की अहिराणी आणि खूष झाले की आणखी अहिराणी. मी हरसूलच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्लेला माणूस, मला तर लॉटरीच. मी आप्पांसारखा खोकलो की त्यांची बायको, पुष्पाकाकू, डबा घेऊन माझ्याच दुकानात शिरायच्या.

नवा रंग आधी स्टीलच्या चमच्यावर भाजून बघायचा, ही आप्पांची रीत. चमचे घरचे. काकू म्हणायच्या, आमच्याकडे पोहेसुद्धा आता वाटीनं तोंडात ओततात.

आप्पांचं सगळं आयुष्य खिडक्यांच्या ग्रिल रंगवण्यात चाललेलं, पण मन गाड्यांच्या चाकांवर. शेवटी देवळ्याच्याच एका कांदा व्यापाऱ्याची मुलगी आली, रोहिणी. वडिलांच्या जागी आता तीच लिलावात बोली लावणार होती, आणि पहिल्या दिवशी तिला स्वतःच्या गाडीतून, कांद्याच्या रंगाच्या चाकांवर जायचं होतं. चाकं फोर्ज्ड अलॉयची, म्हणजे प्रचंड दाबून घडवलेली, महागडी. पर्समधून तिनं कांदा काढला. अगदी हाच रंग, म्हणाली. आप्पांनी दोघांनाही उन्हात नेलं, तिला आणि कांद्याला. ती गेल्यावर मला हळूच म्हणाले, "हे जमनं तर चाकं. नही जमनं तर मरेपर्यंत ग्रिल."

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र्यापलीकडून बुक्कीचा ठप्प आवाज आला. मग मस्त कुरुमकुरुम. मग एकदम शांतता. मी धावलो. आप्पांच्या हातात भाकरी, समोर पिठलं, आणि रोहिणीचा कांदा अर्धा ताटात, अर्धा आप्पांत. काकू डब्यात कांदा द्यायला विसरल्या होत्या, यांनी हाताला लागला तो फोडला. देवळ्याचा माणूस, दुसरं काय करणार? निदान टरफलं मिळतील म्हणून शोधली, तर दारातली शेळी शेवटचं टरफल चघळत आमच्याकडे बघत होती.

हसून हसून मी तिथंच आडवा झालो. मग सुचवलं, बाजारातून दुसरा आणू, नाहीतर मीच तुमच्या आवाजात फोन करून काहीतरी थाप मारतो. आप्पांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला.

"पोरी, तुझा रंग मी खाई टाका."

आप्पांचा चेहरा बिनरंगाच्या ग्रिलसारखा झाला. मग पलीकडून असं काही हसणं ऐकू आलं की शेळीनंसुद्धा मान वळवली. रोहिणीनं विचारलं, "काका, गोड होता का तिखट?"

"गोड," आप्पा मान खाली घालून म्हणाले.

सकाळी ती गोणीच घेऊन आली. आप्पांनी सगळे कांदे रस्त्याकडेला उन्हात मांडले. ट्रकवाले थांबून भाव विचारायला लागले आणि मी आप्पांच्या आवाजात सांगायलाही लागलो. रोहिणीनं उकिडवं बसून पन्नासदा मन बदललं आणि शेवटी एक उचलला, पहिल्यापेक्षा देखणा: वरून तांबूस, आतून जांभळी झाक. आता पावडरी एकत्र कालवल्या तर रंग होत नाही, नुसते ठिपके होतात. म्हणून आप्पांनी खाली तांबूस थर भाजला, वर काचेसारखा आरपार जांभळट. काकूंचे उरलेसुरले चमचे त्यात गेले. चाकं भट्टीत असताना आप्पा चहालाही हलले नाहीत. जास्त तापली तर घडीव चाकाची ताकद जाते. "पापड नही शे ते," मला दटावलं.

चाकं बाहेर आली, गार झाली, उन्हात ठेवली. शेळी आली, हुंगलं, आणि एक चाक चाटून गेली.

"पास," आप्पा म्हणाले.

लिलावाच्या दिवशी रोहिणीनं फोटो पाठवला. गाडीभोवती शेतकरी, आणि एकजण चाकाला कांदा लावून रंग जुळवतोय. त्यानंतर आप्पांनी ग्रिलला हात लावला नाही.

मागच्या वर्षी गुडघ्यांनी दमवलं आणि आप्पा देवळ्याला परत निघाले. निरोपाला मी त्यांच्याच आवाजात भाषण ठोकलं. सगळे लोळले. आप्पा तेवढे गंभीर. उठले, माझं मनगट धरलं, मला उन्हात नेऊन उभं केलं.

"आता बोल. शेडमा बरा वाटत व्हता."

मी तोंड उघडलं आणि माझाच आवाज निघाला. "आप्पा, नका ना जाऊ."

त्यांनी डोळे बारीक करून मला चाकासारखं निरखलं. "हाऊ रंग पक्का शे," म्हणाले आणि टेम्पोत चढले.

टेम्पो सुटणार तेवढ्यात पुष्पाकाकू खाली उतरल्या आणि भट्टीशेजारी टांगलेले सगळे रंगीत चमचे पदरात घेऊन गेल्या. कांद्याच्या रंगाचा एक कुठं दिसेना. तो माझ्या खिशात होता.