हिरव्या टिकलीची जागा

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. सिस्टर जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, चामराजपेठेतून फोन होता. तुमचे काका..." टेबलावर पित्ताशयाचं ऑपरेशन चाललं होतं आणि भूल मी दिली होती. भूल देणाऱ्याला मध्येच उठून जाता येत नाही, पेशंट जागा होईपर्यंत त्याचा श्वास आपल्या हातात असतो. तासभर मी श्वासाची बॅग दाबत, नाडी बघत बसून राहिले. डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता, पण स्टुलाखाली पाय सारखे हलत होते. आज त्याला सहा आठवडे झाले. अजून मला एका जागी धड बसवत नाही. हे एवढं लिहिताना तीनदा उठून झालं... एकदा गॅस बंद आहे का बघायला, आणि दोनदा उगाचच.

अण्णा माझे धाकटे काका. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही. आमचं घराणं बंगळूरला कधी आलं ते कुणालाच नीट सांगता येत नाही, इतक्या पिढ्या झाल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि अण्णांच्या तोंडात दोन्हींचं कालवण. ते सरकारी आरोग्य खात्यात आकडेमोडीच्या विभागात होते. कुठल्या तालुक्याच्या दवाखान्यात कुठला तज्ज्ञ डॉक्टर आहे आणि कुठे नाही, याचे फॉर्म दरवर्षी राज्यभरातून येत. त्यावरून अण्णा कमतरतेची यादी करत आणि नव्या डॉक्टरांना कुठे पाठवायचं हे त्या यादीवरून ठरे. काम रटाळ. आधीच्या माणसाने ते जांभया देत केलं असावं. अण्णांनी मात्र त्यासाठी स्वतःचं घर वेठीला धरलं. मधल्या खोलीत दाराशेजारी राज्याचा मोठा नकाशा लावला. टाचण्यांनी भिंतीचा गिलावा पडायला लागला, तेव्हा त्यांनी काकूच्या टिकल्यांच्या पाकिटांवर डल्ला मारला. लाल टिकली म्हणजे सर्जन, मरून रंगाची म्हणजे बाळंतपणाची डॉक्टर, हिरवी म्हणजे भूलतज्ज्ञ. "माझ्या कपाळाला एक पुरते हो," काकू म्हणायची, "तुमच्या राज्याला किती लागणार?"

मी तेव्हा मेडिकलला होते. एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. "सुनी, स्वल्प... जरा इकडे ये. हे बघ, या तालुक्यात सर्जन आहे. फॉर्ममध्ये लिहिलंय, सगळं ठीक. पण हिरवी टिकली कुठेय? भूल कोण देणार, मारुतीराया?" नुसते डॉक्टर मोजून काही कळत नाही, तिन्ही टिकल्या एका ठिकाणी असतील तरच अडलेली बाई तिथे सुटते, हे मला पुस्तकाआधी त्या नकाशाने शिकवलं. बंगळूरच्या ठिपक्यावर टिकल्या एकीवर एक चिकटवाव्या लागत होत्या. वर गुलबर्ग्याच्या पलीकडे सगळा नकाशा बोडका. मी भूलशास्त्र घेतलं ते त्या हिरव्या टिकल्यांमुळे, असं मी पुढे मुलाखतीत ऐटीत सांगितलं होतं. ते आता आठवलं की कसंतरी होतं.

अण्णांची आणखी एक रीत होती. फॉर्मवर त्यांचा विश्वास नसे. फॉर्मवर नाव असतं, माणूस असेलच असं नाही, म्हणत. म्हणून यादी पुरी करण्याआधी ते एकेका दवाखान्याला सकाळी अकराच्या सुमाराला फोन लावत आणि साहेबी आवाज न काढता, एखाद्या घाबरलेल्या सासऱ्यासारखं विचारत, "आमच्या सुनेचं सिझेरियन तुमच्याकडे होईल का हो?" पलीकडून "घेऊन या" आलं की टिकली राहिली. "जिल्ह्याला न्या" आलं की संध्याकाळी घरी येऊन टिकली नखाने उचकटायची. काकू चेष्टा करायची, की या माणसाला मूलबाळ नाही आणि राज्यभर सुना बाळंत होतायत.

माझी पहिली नेमणूक गुलबर्ग्याच्याही पुढच्या एका तालुक्याच्या गावी झाली. गावाचं नाव लिहीत नाही, तेवढं धैर्य माझ्यात नाही. अण्णांनी पेढे आणले आणि चंदेरी काठाची हिरवी टिकली त्या गावावर स्वतः लावली. आठ महिने मी तिथे काम केलं, आणि वाईट केलं नाही. मग लग्न झालं. नवऱ्याची नोकरी बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, सकाळी सातला कंपनीची बस. मग दिवस राहिले. खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाने डेप्युटेशन करून दिलं. म्हणजे नाव तिकडच्या हजेरीपटावर आणि मी बंगळूरच्या मोठ्या सरकारी इस्पितळात, जिथे भूल द्यायला आधीच पुष्कळ जण होते. सगळेच असं करत. मला त्यात गैर वाटलं नाही... खरं सांगायचं तर वाटलं, पण मुलगी कुशीत होती आणि मी तो विचार पुढे ढकलला.

दर रविवारी आम्ही चामराजपेठेत अण्णांकडे जेवायला जायचो. जेवताना माझ्या पाठीमागेच नकाशा. माझी टिकली जागच्या जागी. मी बंगळूरला आहे हे अण्णांना फोन करून विचारायची गरजच नव्हती, मी त्यांच्यासमोर वांग्याचं भरीत खात होते. आणि त्या वर्षी त्यांनी सगळ्या दवाखान्यांना फोन केले, त्या एका गावाला केला नाही. फॉर्मवर माझं नाव होतं, त्यांनी "आहे" लिहिलं. गाव कमतरतेच्या यादीत आलंच नाही. आलं नाही म्हणून तिथे दुसरं कुणी जायचा प्रश्नच नव्हता. अण्णा त्या वर्षभरात जेवता जेवता उठून नकाशाशी जात, उभे राहत, परत येत. काकूला वाटलं साखर वाढली. मला कळत होतं. मी आणखी भात वाढून घ्यायचे.

दुसऱ्या वर्षी त्यांनी फोन केला. त्यानंतरच्या रविवारी जेवणं झाल्यावर मला म्हणाले, "बस." मी उभीच राहिले. म्हणाले, "नेहमीसारखं विचारलं. तिकडे एक नर्स होती. 'डॉक्टरम्मा इल्ला री, बेंगळूरिगे होगिद्दारे.' डॉक्टरबाई नाहीत, बंगळूरला गेल्यात. मी फोन ठेवणार, तर ती पोरगी मलाच विनवायला लागली, आजोबा, इथे थांबू नका, आत्ताच गुलबर्ग्याची जीप करा, गेल्या महिन्यात एकीला उशिरा नेलं, वाटेतच गेली... तिला वाटलं माझी सून खरंच अडलीय." मग नकाशाकडे बघत म्हणाले, "यादीत मी 'नाही' लिहिलंय. फॉर्म खोटा आहे असंही लिहिलंय."

मी भडकले. माझं डेप्युटेशन आता रद्द होणार हे मला त्या क्षणी दिसलं. "एवढ्या राज्यात तुम्हाला घरातलंच माणूस सापडलं?" मी ओरडले. मुलगी दचकून रडायला लागली.

"घरातलं होतं म्हणून एक वर्ष उशीर झाला, सुनी," अण्णा म्हणाले. "तेवढं माझ्या माथी. पुढचं तू बघ."

पुढचं मी जे बघितलं ते हे. महिन्याभरात हुकूम आला, मूळ जागी हजर व्हा. मी राजीनामा दिला आणि इथेच जयनगरच्या एका नर्सिंग होममध्ये लागले. रविवारी चामराजपेठेत जायचं थांबवलं. दिवाळीला गेले ती पाहुण्यासारखी, फराळाचा डबा दिला आणि निघाले. अण्णा दारापर्यंत आले, काही बोलायचं होतं त्यांना. मी रिक्षा थांबवून ठेवली होती. "सरी, ठीक आहे, जा," म्हणाले, "पोरीला वारा लागेल." ते शेवटचं. निवृत्तीला अजून वर्ष बाकी होतं. ऑफिसला निघताना चपला घालायला वाकले, आणि गेले. त्या गावी अजून कुणी भूलतज्ज्ञ गेलेला नाही. मी चौकशी केली. म्हणजे फोन केला, सकाळी अकराला, आणि विचारलं, "आमच्या बहिणीचं सिझेरियन होईल का?" होणार नव्हतं.

परवा काकूकडे गेले. मधल्या खोलीत नकाशा तसाच आहे. माझ्या गावावर लाल आहे, मरून आहे, आणि त्यांच्या शेजारी डिंकाचा गोल डाग, धूळ बसून काळा झालेला. मला वाटलं, टिकली त्यांनी फेकून दिली असणार. मीही तेच केलं असतं. तोंड धुवायला मोरीकडे गेले तर तिथला आरसा लख्ख. त्या आरशाच्या कडेला काकूच्या टिकल्यांची रांग असायची. झोपताना काढून लावायची आणि सकाळी पुन्हा कपाळाला. आता रांग नव्हती. कोपऱ्यात एकच टिकली होती. हिरवी, चंदेरी काठाची.

काकू मागे येऊन उभी राहिली. मोकळ्या कपाळाची काकू मला अजून बघवत नाही. म्हणाली, "माझ्या सगळ्या मीच काढल्या ग. ही तेवढी ठेवली. तू नोकरी सोडलीस त्या दिवशी त्यांनी नकाशावरून काढली आणि इथे आणून लावली. मी म्हटलं, टाकून द्या की. तर म्हणाले, टाकायची कशाला, पुन्हा लावायचीय."