लेक्झिंग्टनच्या हिरवळीवर, पुढच्या रांगेत

बॉस्टनला जायचं ठरलं विनयच्या, म्हणजे नवऱ्याच्या, कॉन्फरन्समुळे. पण मी रजा टाकली ती ओजससाठी. आमचा हा मुलगा सतराचा. आम्ही सिंगापूरचे पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, त्यामुळे शिक्षण आटोपलं की त्याला दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, सक्तीची लष्करी नोकरी. नाहीतर पीआर सोडून पुण्यात कॉलेज, आणि मग इथली दारं जवळपास बंद. मी पुण्याच्या बाजूची, विनयचं तळ्यात-मळ्यात. चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये यावर वर्षभर भांडून झालं होतं. म्हटलं, हवापालट तरी होईल.

एप्रिलमध्ये जाणार असाल तर जाड स्वेटर घ्या. आपल्यासारख्या घामट गावच्या माणसांना तिथला वसंतही सोसत नाही. पहिल्या दिवशी जुनं सभागृह पाहिलं. चहावरच्या कराविरुद्ध लोक इथे जमले आणि इथूनच पेट्या समुद्रात फेकायला बंदरावर गेले.

"एवढ्याशा करासाठी चांगला चहा बुडवला?" मी पडले अकाउंटंट, मला राहवेना.

"कर छोटाच होता, आई," ओजस म्हणाला. "फ्रेंचांशी वॉर झालं, इंग्लंडच्या राजाचे पैसे संपले, म्हणून यांच्यावर टॅक्स. आधी पेपरवर, मग चहावर. पण लंडनच्या पार्लमेंटमध्ये यांचा एकही माणूस नाही. नोबडी आस्क्ड देम, लाह." वाक्याला सिंगापुरी 'लाह'चं शेपूट लावून तो माझ्याकडे वळला, "तुम्ही पण मला कुठे विचारता?"

विनय छताचं कोरीवकाम बघायला लागला. मला राग आला. खरं ऐकलं की येतोच.

चहाची शिक्षा म्हणून राजाने बंदर बंद केलं, शहरात फौज बसवली. ती गावकऱ्यांचा दारूगोळा जप्त करायला निघाली आणि वाटेत लेक्झिंग्टनला पहिली गोळी उडाली. कोणी झाडली ते अजून नक्की नाही. गावकरी दरवर्षी एप्रिलात एका पहाटे तिथल्या हिरवळीवर ती चकमक करून दाखवतात. तेव्हा बस नसते, टॅक्सी आधी सांगून ठेवा. लोक चक्क शिड्या घेऊन येतात. आम्ही टाचा उंचावत होतो, तेवढ्यात पुढे बसलेल्या एका बाईंनी जागा करून दिली.

"डावीकडून तिसरा माझा मुलगा," त्या म्हणाल्या. "दरवर्षी मरतो."

"आणि तुम्ही पुढे बसून बघता? मला नसतं झेपलं."

"तो कुठे पडतो ते मला दिसायला हवं," म्हणत त्यांनी थर्मासमधली कॉफी माझ्या हातात दिली.

धूर झाला, तिसरा पडला. खोटं आहे हे माहीत असूनही मी रडले. थोड्या वेळाने मेलेले उठले, कपड्यांवरचं गवत झटकलं आणि चर्चमध्ये पॅनकेक खायला गेले. आम्हीही गेलो. रांग मोठी, पण पॅनकेक गरमागरम.

तिथे मी ओजसला विचारलं, "तुला काय करायचंय?"

त्याने काटा खाली ठेवला. "नॅशनल सर्व्हिसला जाणार मी. भीती वाटते, बट आय'ल गो. माझं घर तिथेच आहे ना, आई."

दुपारी कॉन्कॉर्डचा पूल पाहिला, त्याच दिवशीच्या दुसऱ्या चकमकीचा. त्या सकाळनंतर युद्ध आठ वर्षं चाललं, फ्रेंच मदतीला आले, शेवटी राजाला हार मानावी लागली आणि अमेरिका स्वतंत्र झाली. पुलाजवळ ब्रिटिश शिपायांची कबर आहे, कोणीतरी तिथे त्यांचा छोटा झेंडा खोचला होता. तीही कोणाची तरी मुलंच. मी तिथे जरा जास्तच रेंगाळले.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर मतं घेतली, प्रत्येकी एक. दोन विरुद्ध एक, मी हरले. भीती गेलेली नाही, पण ओजस हल्ली रोज संध्याकाळी पळायला जातो आणि घामेजून, हसत परततो. ते बघून बरं वाटतं. भरतीच्या पहिल्या दिवशी आईबापांना प्रशिक्षणाच्या बेटापर्यंत बोटीने सोबत येऊ देतात म्हणे. मी पुढच्या बाकावर बसणार आहे.